विहार ते वसतिगृह : एका छपराचा इतिहास



विहाराच्या वर्धापनदिनाची स्मरणिका निघते तेव्हा तथागतांचे चरित्र, परमपूज्य बाबासाहेबांचे कार्य, चळवळीच्या आठवणी असे लेख त्यात येतात आणि ते यायलाच पाहिजेत. यंदा आम्ही थोडा वेगळा विषय घेतला आहे. कॉलेजात, विद्यापीठात शिकायला गेलेल्या आपल्या पोरापोरींनी राहायचं कुठं, हा तो विषय. घरातलं लेकरू बारावी पास झालं की फीची नि पुस्तकांची चर्चा होते. पण आईबापांच्या पोटात खरा गोळा येतो तो खोलीच्या काळजीनं. परक्या शहरात आडनाव न विचारता खोली कोण देणार? पोरगी असेल तर तिला कुणाच्या भरवशावर ठेवायची?

वसतिगृह बांधणं हे इंजिनिअरचं काम, आपल्याला त्यातलं काय कळतं, असं आपण समजतो. पण वसतिगृहाचा नकाशा काढताना कोण कुणाच्या शेजारी झोपणार, कोण कुणाच्या पंक्तीला बसणार, पाणी एका ठिकाणी भरणार की वेगवेगळ्या, हेच ठरत असतं. ज्या देशात हजारो वर्षं गावाचा नकाशाच जातीनं काढला, तिथं असा नवा नकाशा काढणं ही साधी गोष्ट नाही. ती आपल्या माणसांनी कशी साधली, हे नव्या पिढीला ठाऊक असावं म्हणून हा लेखनप्रपंच.

विहार म्हणजेच राहण्याची जागा

आज विहार म्हटलं की एक सभागृह, समोर तथागतांची नि बाबासाहेबांची प्रतिमा, एवढंच डोळ्यांपुढं येतं. मुळात विहार म्हणजे भिक्खूंचं निवासस्थान. वेरूळ, अजिंठा, नाशिकची लेणी, जुन्नरची लेणी पाहा. मध्ये मोठं दालन, तिन्ही बाजूंनी छोट्या छोट्या खोल्या, खोलीत निजायला दगडी ओटा. खोलीत बसून एकट्यानं अभ्यास आणि ध्यान करायचं, दालनात येऊन सगळ्यांबरोबर ऐकायचं, विचारायचं. एकांतही मिळावा आणि सोबतही मिळावी, अशी ती रचना. विद्यार्थ्याला आणखी काय पाहिजे असतं?

विनयपिटकात तर राहण्याच्या जागेवर एक संपूर्ण प्रकरण आहे. अनाथपिंडिकानं श्रावस्तीच्या जेतवनात काय काय बांधलं त्याची यादी तिथं दिली आहे. राहण्याच्या खोल्या, सभेची दालनं, अग्निशाळा, शौचकूप, फेऱ्या मारायला चंक्रमणाची जागा, विहिरी, स्नानगृहं, तळी. आजच्या एखाद्या वास्तुशिल्पकारानं वसतिगृहाचा आराखडा करायला घेतला तर त्याला या यादीत फारशी भर घालावी लागणार नाही.

जागावाटपाचंही तसंच. भिक्खूंना खोल्या नेमून देण्याचं काम दब्ब मल्लपुत्त या भिक्खूकडे होतं. आजच्या भाषेत बोलायचं तर हे वसतिगृहाचे पहिले रेक्टर. त्यांनी सुत्तं पाठ करणाऱ्यांना एका ठिकाणी ठेवलं, विनयाचा अभ्यास करणाऱ्यांना एका ठिकाणी, ध्यान करणाऱ्यांना एका ठिकाणी. म्हणजे एकमेकांच्या अभ्यासाला मदत व्हावी. पाहिला तो अभ्यास. जन्म पाहिला नाही. उपाली न्हावी शाक्य राजपुत्रांच्या आधी संघात आले, म्हणून राजपुत्रांनी त्यांना वंदन करायचं, हा संघाचा कायदा होता. आधी आला तो ज्येष्ठ, मग तो कुठल्याही कुळातला असो.

पुढे नालंदा उभी राहिली. उत्खननात तिथं विटांच्या विहारांची मोठी रांग सापडली. प्रत्येक विहाराला मध्ये चौक, चौकाभोवती खोल्या, पाण्याची विहीर, सांडपाण्याची नाली. सातव्या शतकात चीनहून आलेला ह्यूएन त्सांग इथं राहून शिकला. म्हणजे निवासी विद्यापीठ ही कल्पना आपण पश्चिमेकडून उसनी आणलेली नाही, ती आपल्याच धम्माच्या घरातली आहे. मधल्या काळात ती मातीखाली गेली, आणि आपणही गावकुसाबाहेर गेलो.

एका खोलीत शिकलेला विद्यार्थी

आता थेट विसाव्या शतकात येऊ. बाबासाहेब शिकले ते मुंबईत परळच्या डबक चाळीत. एकच खोली. तीच स्वयंपाकाची, तीच निजायची, तीच अभ्यासाची. रामजीबाबा मुलाला पहाटे दोन वाजता उठवायचे, कारण घर शांत असायची तीच वेळ. अशा खोलीतून निघालेला हा मुलगा बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती घेऊन १९१३ च्या जुलैमध्ये न्यूयॉर्कला पोचला. तिथं कोलंबिया विद्यापीठाच्या आवारात हार्टली हॉल आणि लिव्हिंग्स्टन हॉल अशी दोन वसतिगृहं १९०५ साली उघडली होती. बाबासाहेब आधी हार्टली हॉलमध्ये उतरले. तिथलं जेवण मानवेना म्हणून थोड्याच दिवसांत कॉस्मोपॉलिटन क्लबात गेले. नंतर ते लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये राहिले. सोबती होते नवल भथेना. या पारशी मित्राशी त्यांची मैत्री जन्मभर टिकली.

विचार करा, एक पारशी आणि एक महार एकाच वसतिगृहात राहतात, आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही. दार बंद केलं की खोली आपली, दार उघडलं की सगळे मित्र. बाबासाहेबांनी पुढं अनेकदा सांगितलं की परदेशातल्या त्या वर्षांत अस्पृश्यतेची जाणीवच त्यांच्या मनातून पुसली गेली होती.

आणि मग १९१७. करारानुसार नोकरीसाठी बडोद्याला आले. पदव्या मोठ्या, पण राहायला जागा नाही. एका पारशी धर्मशाळेत खोटं नाव सांगून उतरले. वरच्या मजल्यावरची अंधारी, अडगळीनं भरलेली जागा, सोबतीला एक कंदील. अकराव्या दिवशी हातात काठ्या घेतलेला जमाव दारात येऊन उभा राहिला. संध्याकाळपर्यंत जागा सोड, असं बजावून गेला. दोन मित्रांकडे आसरा मागितला. एक हिंदू, एक ख्रिस्ती. दोघांनीही काही ना काही सबब सांगितली. शेवटी बागेत बसून दिवस काढला आणि रात्रीच्या गाडीनं मुंबई गाठली. ही हकिगत बाबासाहेबांनी स्वतःच लिहून ठेवली आहे.

आम्हाला वाटतं, या दोन खोल्या, न्यूयॉर्कची नि बडोद्याची, शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात. माणूस तोच, विद्याही तीच. फरक छपराचा. विद्या मिळाली तरी छप्पर जातीचंच राहिलं तर विद्वानालाही बागेत बसून रडावं लागतं. बाबासाहेबांनी पुढं शाळेआधी बोर्डिंगाकडे लक्ष दिलं, त्याचं कारण इथं सापडतं.

बोर्डिंगांचा काळ

बोर्डिंगांची वाट आधीच काहींनी पाडली होती. आपल्या नगर जिल्ह्यात अमेरिकन मराठी मिशननं १८३१ पासून काम सुरू केलं आणि त्यांच्या बोर्डिंग शाळांतून आपल्यातली कितीतरी मुलं अक्षर शिकली. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून एकामागून एक वसतिगृहं काढली. अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग १९०८ च्या सुमाराला निघालं. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांनी १९०६ साली काढलेल्या मिशननंही शाळांबरोबर बोर्डिंगं चालवली.

शाहू महाराजांच्या कोल्हापुरात वसतिगृहं जातवार होती. आज कुणी त्यावर बोट ठेवील. पण ज्या काळात कुणी कुणाच्या हातचं पाणी पीत नव्हतं, त्या काळात पोराला आधी शहरात आणून निजायला जागा देणं हीच पहिली पायरी होती. दुसरी पायरी कर्मवीर भाऊराव पाटलांनी चढली. साताऱ्याला १९२४ साली त्यांनी जे बोर्डिंग सुरू केलं त्यात सगळ्या जातींची पोरं एकत्र राहायची, एकत्र राबायची, एका पंक्तीला जेवायची. १९२७ साली गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस हे नाव दिलं गेलं. याच कर्मवीरांच्या रयत शिक्षण संस्थेनं १९६० साली आपल्या शेजारी श्रीरामपूरला बोरावके कॉलेज काढलं आणि बेलापूर पंचक्रोशीतल्या पोरांना कॉलेज सायकलच्या टप्प्यात आलं.

बाबासाहेबांची बहिष्कृत हितकारिणी सभा २० जुलै १९२४ ला स्थापन झाली. सहा महिन्यांच्या आत, ४ जानेवारी १९२५ ला, सभेनं सोलापूरला वसतिगृह उघडलं. महाडचा सत्याग्रह त्याच्या दोन वर्षं नंतरचा आहे, हे ध्यानात घ्या. १९२८ साली त्यांनी दलितवर्ग शिक्षण संस्था काढली आणि सरकारकडून पाच वसतिगृहांची योजना मंजूर करून घेतली. त्याच वर्षी नेमलेल्या स्टार्ट समितीत बसून त्यांनी वसतिगृहं आणि शिष्यवृत्त्या वाढवण्याचा आग्रह धरला.

यात बायाही मागं नव्हत्या. २० जुलै १९४२ ला नागपूरला सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित महिलांची अखिल भारतीय परिषद भरली. मुलींसाठी सरकारी खर्चानं वसतिगृहं काढावीत, अशी मागणी त्या परिषदेत झाली. ज्यांना स्वतःला शाळेची पायरी चढायला मिळाली नाही, अशा कितीतरी माउल्या त्या मांडवात बसल्या होत्या. लेकीला शिकायचं तर तिला सुरक्षित छप्पर पाहिजे, हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही.

आपल्या जिल्ह्याचं बोलायचं तर संगमनेरच्या बोर्डिंगचं नाव साऱ्या महाराष्ट्राला कळलं ते अकोले तालुक्यातल्या धामणगावच्या दया पवारांमुळे. त्या बोर्डिंगात राहून ते शिकले आणि १९७८ साली त्यांचं 'बलुतं' प्रसिद्ध झालं. आपल्या बेलापूरजवळच्या हरेगावला १९३९ च्या डिसेंबरात बाबासाहेब वतनदार महारांच्या परिषदेला आले होते. वतनाच्या नावाखाली चाललेली वेठबिगार मोडा, हा त्या परिषदेचा सूर होता. पाटलाच्या सांगाव्यावर बाप धावत होता तोवर पोराला बोर्डिंगात पाठवायचं कसं सुचणार? वतन सुटलं तेव्हा कुठं आपल्या घरांतून ट्रंका नि वळकट्या बाहेर पडू लागल्या.

नागसेनवन

८ जुलै १९४५ ला बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज निघालं. त्यानंतर त्यांची नजर वळली मराठवाड्याकडे. निजामाचं राज्य संपून दोन वर्षंही झाली नव्हती. पदवीपर्यंत शिकायचं तर मराठवाड्याच्या मुलाला हैदराबादला किंवा त्याहून लांब जावं लागत होतं. औरंगाबादला (आजचं छत्रपती संभाजीनगर) १९५० च्या जूनमध्ये कॉलेज सुरू झालं, आणि १ सप्टेंबर १९५१ ला राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. तेच आपलं मिलिंद महाविद्यालय.

जागा निवडली ती शहराबाहेरच्या शंभर एकरांहून मोठ्या माळरानावर. कुणी म्हणेल, इतकी जागा कशाला? पण बाबासाहेबांना नुसत्या वर्गखोल्या बांधायच्या नव्हत्या. जो मुलगा बीड, परभणी, नांदेडच्या खेड्यातून येणार, त्याला शहरात कोण ठेवून घेणार होतं? म्हणून वर्ग, ग्रंथालय, मैदान आणि वसतिगृह एकाच आवारात हवं होतं. आवाराच्या आत आल्यावर पोरानं जात सांगायचं कारणच उरू नये. कायदेमंत्री असताना, घटनेचं एवढं मोठं काम नुकतंच उरकलेलं असताना, तब्येत साथ देत नसताना हा माणूस बांधकामावर जातीनं लक्ष ठेवून होता. झाडं लावण्याचा त्यांचा आग्रह तर जुनी माणसं अजून सांगतात. उजाड माळाचं वन झालं ते त्या आग्रहामुळं.

नावंही पाहा. मिलिंद हा ग्रीक राजा, विद्वत्तेचा गर्व असलेला. नागसेन भिक्खूंनी वादात त्याला निरुत्तर केलं आणि त्यानं हार मोकळ्या मनानं मान्य केली. कॉलेजाला नाव राजाचं, आणि राहण्या-वावरण्याच्या आवाराला नाव भिक्खूंचं, नागसेनवन. प्रश्न विचारायला भ्यायचं नाही आणि उत्तर पटलं तर मान्य करायला लाजायचं नाही, हा धडा प्रवेशद्वारावरच लिहिल्यासारखा आहे.

आपल्या नगर जिल्ह्यातूनही मनमाडला गाडी बदलून जाता यावं इतकं हे ठिकाण जवळ. विदर्भ, खानदेश, मराठवाडा, सगळीकडची पोरं तिथं एका आवारात आली. एकाच्या ताटातली चटणी दुसऱ्याच्या ताटात गेली, एकाची पुस्तकं दुसऱ्याच्या उशाशी गेली. त्यातून काय उगवलं? प्राचार्य म. भि. चिटणीस यांचं 'युगयात्रा' नाटक मिलिंदच्या विद्यार्थ्यांनी केलं. डॉ. म. ना. वानखेडे, डॉ. गंगाधर पानतावणे यांच्यासारखे शिक्षक तिथं होते आणि 'अस्मितादर्श' याच वातावरणातून निघालं. मुंबईत वडाळ्याच्या सिद्धार्थ विहार वसतिगृहाचंही तसंच. १९७२ साली दलित पँथर उभी राहिली तेव्हा तिच्या पोरांची उठबस तिथंच असायची. घरी एकेकटा बसून सोसणारा मुलगा वसतिगृहात दहा जणांना भेटला, तेव्हा त्याला कळलं की आपलं दुःख हे काही आपलं नशीब नाही.

१९५८ साली नागसेनवनाच्या शेजारी मराठवाडा विद्यापीठ सुरू झालं. त्याला बाबासाहेबांचं नाव द्यावं असा ठराव विधिमंडळानं २७ जुलै १९७८ ला केला आणि मराठवाड्यात आपल्या वस्त्या पेटल्या. नामविस्तार झाला तो १४ जानेवारी १९९४ ला. सोळा वर्षांच्या त्या लढ्यात वसतिगृहांतल्या विद्यार्थ्यांनी काय सोसलं हे आपल्यातल्या अनेकांनी जवळून पाहिलं आहे.

महारवाडा आणि वेलीवाडा

वेरूळला पाच नंबरचं लेणं आहे. चांगलं शंभर फुटांहून लांब दालन, मधोमध दगडात कोरलेले दोन लांबलचक, बुटके ओटे, आणि बाजूंना खोल्या. भिक्खू समोरासमोर बसून जेवत असतील नाहीतर पठण करीत असतील, असं जाणकार सांगतात. या लेण्याला लोक 'महारवाडा' म्हणत आले, जुन्या संशोधकांच्या पुस्तकांतही तेच नाव आहे. जिथं सगळे एका ओळीत बसत होते, त्या जागेला लोकांनी वाळीत टाकलेल्या वस्तीचं नाव दिलं! इतिहासाचा हा उलटा न्याय मनाला लागतो.

आणि तो अजून संपलेला नाही. मिलिंदमध्येच शिकलेले डॉ. सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं २००७ साली दिल्लीच्या एम्स या वैद्यकीय संस्थेविषयी अहवाल दिला. छळाला कंटाळून राखीव जागांवरचे विद्यार्थी खोल्या बदलत बदलत वसतिगृहांच्या ठरावीक वरच्या मजल्यांवर एकवटले, असं त्यात दिसून आलं. नकाशा सरकारनं सगळ्यांसाठी एकच काढला होता. जातीनं त्यावर आपली रेघ ओढली. हैदराबाद विद्यापीठात रोहित वेमुला आणि त्याच्या चार साथींना वसतिगृहातून बाहेर काढलं, तेव्हा त्या पोरांनी आवारातच उघड्यावर तंबू ठोकला आणि त्याला नाव दिलं 'वेलीवाडा'. तेलुगूत वेलीवाडा म्हणजे गावाबाहेरची वस्ती, आपला महारवाडा. १७ जानेवारी २०१६ ला रोहित आपल्यातून गेला. बडोद्याच्या त्या धर्मशाळेला ९८ वर्षं उलटून गेली होती.

आता आपण काय करायचं?

समाजकल्याण खात्याची वसतिगृहं आहेत, पण जागा कमी नि अर्ज जास्त. ज्यांना जागा मिळत नाही त्यांच्यासाठी राज्य सरकारनं २०१६-१७ पासून बाबासाहेबांच्या नावानं स्वाधार योजना सुरू केली. खोली नि जेवणासाठी पैसे खात्यावर येतात. योजना चांगलीच आहे, आपल्या मुलांनी तिचा लाभ जरूर घ्यावा. पण घरमालक आडनाव ऐकून दार लावून घेणार असेल तर खिशातले पैसे घेऊन पोरानं जायचं कुठं? आणि पैशानं खोली मिळाली तरी शेजारी मिलिंदसारखा मित्र नि नागसेनासारखा गुरू थोडाच मिळतो? म्हणून सरकारकडे पैशाबरोबर इमारतींचीही मागणी आपण लावून धरली पाहिजे, आणि त्या इमारतीत एकच स्वयंपाकघर, एकच पंगत, मुलींना तेवढीच मोठी नि तेवढीच उजेडाची जागा, ग्रंथालयाला रात्री उशिरापर्यंत दिवा, हेही मागितलं पाहिजे. यातलं काहीही चैनीचं नाही. जेतवनाच्या यादीतही राहण्या-वावरण्याच्या सोयी होत्याच.

राहता राहिला आपला विहार. वसतिगृह बांधण्याची ऐपत आज आपल्यापाशी नसेल. पण एका खोलीच्या घरात अभ्यास करणारी पोरं आजही आपल्या वस्तीत आहेत. टीव्ही चालू, पाहुणे आलेले, धाकटं भावंडं रडतंय, अशात दहावीची पोरगी वही घेऊन कुठं बसणार? वंदना झाल्यावर विहाराला कुलूप लागतं. ते संध्याकाळी सात ते अकरा उघडं राहिलं, चार टेबलं, एक कपाट, स्वच्छ उजेड, प्यायचं पाणी आणि मुलींना निर्धास्तपणे येता यावं म्हणून एखादी जाणती उपासिका हजर असली, तरी अर्धं वसतिगृह झालंच म्हणून समजा. शहरात शिकलेल्या मुलांनी सुट्टीत येऊन लहानग्यांना शिकवावं. पुढे-मागे विहाराचं बांधकाम वाढवायचं ठरलं, तर सभागृह मोठं करण्याआधी एक अभ्यासाची खोली नकाशात धरावी, अशी आमची सगळ्यांना हात जोडून विनंती आहे.

भिक्खूंसाठी खोली, विद्यार्थ्यासाठी खोली आणि सगळ्यांसाठी एक दालन, हा विहाराचा मूळ नकाशा आहे. तो बाबासाहेबांनी नागसेनवनात पुन्हा उघडून दाखवला. बेलापूरच्या आपल्या विहारात त्यातली एक खोली तरी आपण उभी करू या.

जयभीम! नमो बुद्धाय!